मायन्यापासून भेटकार्डापर्यंत : नाताळच्या हस्तनिर्मित शुभेच्छापत्राचा भाषिक इतिहास

१

पत्राच्या आरंभी, ज्यास उद्देशून ते लिहावयाचे त्याचा योग्यतेनुसार जो उल्लेख केला जातो त्यास मराठीत मायना म्हणतात. हा शब्द अर्थवाचक अरबी शब्दापासून फारसीच्या द्वारे आपल्याकडे आला. एका परीने तो अन्वर्थकच म्हटला पाहिजे, कारण जुन्या पत्रात लिहिणारा व वाचणारा यांच्या नात्याचा सारा अर्थ मायन्यातच सामावलेला असे. मायन्याचा अभ्यास इतिहाससंशोधकांनी पत्रांचा काळ व कर्ता ठरविण्यासाठी पुष्कळ केला आहे. परंतु मायन्याचे पुढे काय झाले, त्याची जागा कोणत्या भाषारूपाने घेतली, या प्रश्नाकडे तितकेसे लक्ष गेलेले नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा एका मर्यादित क्षेत्रात विचार करावयाचा आहे. नाताळच्या दिवसांत मित्रांना व कचेरीतील, शाळेतील किंवा महाविद्यालयातील सहकाऱ्यांना पाठविण्यासाठी घरी, हाताने तयार केलेले भेटकार्ड हे ते क्षेत्र होय. विषय दिसावयास लहान आहे. हौसेची वस्तू म्हणून तो सोडून देण्याकडे कल होणेही स्वाभाविक आहे. तथापि या कार्डावर जे चार-पाच शब्द लिहिले जातात त्यांच्यामागे मराठी समाजातील परस्परसंबोधनाचा मोठा इतिहास उभा आहे, आणि तो इतिहास केवळ शब्दांचा नसून माणसांच्या पायरीचाही आहे, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२

शुभचिंतनासाठी पत्रासमवेत काही वस्तू पाठविण्याची चाल मराठी मुलुखात कार्डाच्या पूर्वीची आहे. पेशवेकालीन पत्रव्यवहारात संक्रांतीचे तीळ व शर्करा पाठविल्याचे उल्लेख आढळतात. दसऱ्यास आपट्याचे पान सोने म्हणून देण्याचा प्रघात सर्वपरिचित आहे. येथे भाषेच्या अभ्यासकास एक योगायोग लक्षात घेण्याजोगा वाटतो. संस्कृतात ‘पत्र’ म्हणजे मुळात झाडाचे पान. त्यावर लिहिले जाऊ लागले तेव्हा लिखित मजकुरासही तेच नाव मिळाले. दसऱ्यास हातावर ठेवले जाणारे आपट्याचे पान म्हणजे शब्दशः एक पत्रच, मात्र ज्यावर काही लिहिलेले नाही असे. ‘कागद’ या फारसीतून आलेल्या शब्दाचेही मराठीत असेच झाले. जुन्या भाषेत ‘कागद आला’ म्हणजे पत्र आले. ज्यावर लिहावयाचे ती वस्तू आणि लिहिलेला मजकूर यांत आपल्या भाषेने फार भेद केला नाही.

तो कागद सर्वस्वी हातचा असे. जुन्नर व दौलताबादेजवळील कागजीपुरा ही कागद तयार करणाऱ्यांची प्रसिद्ध स्थाने. पुण्यातील कसबा पेठेतही कागदीपुरा होता व त्या भागाचे नाव अद्याप टिकून आहे. लगदा पाण्यात कालवून साच्यावर उचलावयाचा, ताव वाळवावयाचा, त्यास खळ द्यावयाची आणि मग गुळगुळीत दगडाने घोटावयाचा, अशी त्याची रीत. त्यावर बोरूने मोडी अक्षर लिहिले जाई. म्हणजे कागद हाताचा, शाई हाताची, अक्षर हाताचे. पत्र हस्तनिर्मित आहे असे वेगळे म्हणण्याचे त्या काळी कारणच नव्हते.

मात्र हाताने लिहिलेल्या या पत्रातील शब्द लिहिणाऱ्याच्या मनचे असत असे मानणे चुकीचे ठरेल. पत्रास कोणता मायना घालावा याचे नियम ठरलेले असत, आणि ते सांगणाऱ्या लिखाणास मेस्तक म्हणत. देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातील मंत्री हेमाद्री याच्या नावावर असे एक मेस्तक परंपरेने सांगितले जाते. शिवकालात तर या कामासाठी राज्याच्या प्रधानमंडळात स्वतंत्र अधिकारी होता. अष्टप्रधानांपैकी सचिव किंवा सुरनीस याचे एक कर्तव्य राजपत्रे तपासून त्यांतील अधिक-उणा मजकूर शुद्ध करण्याचे होते. हे पद पुढे शंकराजी नारायण यांच्या घराण्याकडे आले व त्याच पंतसचिवांचे भोर संस्थान १९४८ साली विलीन होईपर्यंत टिकले. पुणे–सातारा रस्त्यावर आजच्या भोर तालुक्यात शिवरे हे गाव आहे. या तालुक्यास ज्या संस्थानाच्या राजधानीचे नाव लाभले, त्या संस्थानाच्या अधिपतींची पदवीच मुळात पत्रातील शब्दांवर देखरेख करणाऱ्याची होती, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. एखाद्यास पत्रात काय म्हणावे हा त्या काळी राज्यव्यवहाराचा प्रश्न होता.

३

या व्यवस्थेचे स्वरूप थोडक्यात पाहू. वडिलांस ‘तीर्थरूप’, वडीलधाऱ्या अन्य व्यक्तीस ‘तीर्थस्वरूप’, लहानास ‘चिरंजीव’, विद्वान ब्राह्मणास ‘वेदशास्त्रसंपन्न’, प्रतिष्ठित गृहस्थास ‘राजमान्य राजश्री’, सधवेस ‘सौभाग्यवती’ आणि विधवेस ‘गंगाभागीरथी’ असे मायने रूढ होते. शेवटही त्याच बेताचा असे. वरच्या पायरीकडे जाणाऱ्या पत्रात नमस्कार, खालच्या पायरीकडे येणाऱ्या पत्रात आशीर्वाद, आणि बरोबरीच्या माणसाकडे लोभाची विनंती. शुभचिंतनास अशा रीतीने नेहमी एक दिशा असे. दिशेवाचून शुभचिंतन व्यक्त करण्यास भाषेत सोयीचे रूपच नव्हते, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

या पद्धतीत जिव्हाळा नव्हता असे नाही. परंतु तिची अट कठोर होती. पहिली ओळ लिहिण्यापूर्वी त्या माणसाची जात, वय, हुद्दा आणि, स्त्री असल्यास, तिचा नवरा हयात आहे किंवा नाही, हे लिहिणाऱ्यास ठाऊक असावे लागे. विधवेस आलेले प्रत्येक पत्र तिला तिच्या वैधव्याची आठवण करून देऊनच पुढे जाई. हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. २०२३ साली महाराष्ट्रात विधवांसाठी शासकीय व्यवहारात ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरण्याचा विचार पुढे आला, तेव्हा त्यावर जी टीका झाली तीवरून या मायन्याची बोच अद्याप कमी झालेली नाही हे स्पष्ट झाले. आणि ज्यांच्यासाठी मेस्तकात गौरवाचा मायनाच नव्हता अशा जातींतील माणसांचा तर या व्यवस्थेशी संबंध बहुधा हुकूम ऐकून घेण्यापुरताच येई.

सारांश, मायन्यात पायरी होती. व्यक्ती मात्र त्या पायरीच्या आड राही.

४

नाताळचे कार्ड जन्मास आले ते निराळ्या गरजेतून. इंग्लंडात १८४० साली अंतराचा विचार न करता एका पेनीत पत्र पोहोचविणारी टपालपद्धती सुरू झाली. तिच्या पुरस्कर्त्यांपैकी एक, हेन्री कोल, यास १८४३ च्या नाताळात सर्व स्नेह्यांना स्वतंत्र पत्रे लिहिण्यास सवड होईना. त्याने जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले व शिळाछापावर त्याच्या सुमारे एक हजार प्रती काढविल्या. मधोमध सणाचा आनंद घेणारे कुटुंब, दोन्ही बाजूंस भुकेल्यास अन्न व उघड्यास वस्त्र देण्याचे प्रसंग, आणि खाली नाताळ व नववर्षाचे छापील अभीष्टचिंतन, अशी त्याची रचना होती. घेणाऱ्याचे व देणाऱ्याचे नाव हाताने भरण्यासाठी तेवढी जागा मोकळी ठेवली होती. विक्रीस काढलेल्या प्रतीची किंमत एक शिलिंग, म्हणजे ती पाठविण्यास लागणाऱ्या टपालखर्चाच्या बारापट होती.

या पहिल्या कार्डाविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. ते पत्रलेखनाचे श्रम वाचविण्यासाठी निघाले, ही एक. दुसरी अशी की, ते छापील असूनही त्यातील रंग प्रत्येक प्रतीवर हातानेच भरलेले होते. पुढे रंगीत छपाई स्वस्त झाली, १८७० साली इंग्लंडात अर्ध्या पेनीचा टपालदर आला, आणि कार्डांतील हाताचा भाग सहीपुरता उरला.

हिंदुस्थानातही १८५४ च्या ऑक्टोबरात अंतरनिरपेक्ष टपालदर अमलात आला. १८७६ साली हा देश आंतरराष्ट्रीय टपाल संघात सामील झाला. १८७९ च्या जुलैत पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे, पोस्टकार्ड निघाले. पोस्टकार्डाने मराठी मायन्यास पहिला धक्का दिला. जागा थोडी, मजकूर उघडा; मग लांबलचक मायने ‘ती. रू.’, ‘रा. रा.’, ‘चि.’, ‘सौ.’, ‘गं. भा.’ अशा आद्याक्षरांत आक्रसले. चित्रांची बाजूही याच सुमारास तयार होत होती. पुण्यात १८७८ साली निघालेली चित्रशाळा, आणि १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस हलविलेला रविवर्म्याचा छापखाना, यांनी रंगीत चित्र सामान्य घरापर्यंत पोहोचविले. चित्र, स्वस्त टपाल आणि छोटा मजकूर अशी कार्डाची तिन्ही अंगे एकोणिसावे शतक संपता संपता पुणे परिसरात सिद्ध झालेली होती.

५

ख्रिस्तजन्माच्या सणाचे नाव मराठीत त्याही पूर्वी येऊन स्थिरावले होते. ‘नाताळ’ हा शब्द जन्मवाचक लॅटिन शब्दापासून झालेल्या पोर्तुगीज ‘नाताल’चे मराठी रूप होय. पगार, पाव, साबण, चावी यांच्या पंक्तीत तो बसला व इंग्रजी अमदानीतही ‘ख्रिसमस’ला त्याची जागा घेता आली नाही. गोमंतकात नाताळात घरी केलेल्या गोड पदार्थांचे ताट शेजारी पाठविण्याची चाल आहे. तीत ख्रिस्ती व हिंदू असा भेद पाळला जात नाही, आणि दिवाळीच्या फराळाचे ताट उलट दिशेने जाते. ही देवघेव बरोबरीची होय.

इंग्रजी राज्यातील कचेऱ्यांत मात्र नाताळचे शुभचिंतन वेगळ्या वळणाने गेले. हाताखालच्या लोकांनी साहेबाच्या बंगल्यावर फळाफुलांची डाली घेऊन जाण्याचा रिवाज पडला. ही डाली वर जाई, खाली येत नसे. मराठी मायन्यातील दिशा येथे वस्तूच्या रूपाने पुन्हा प्रकट झाली, असे म्हणता येईल. सहकाऱ्यास दिलेले कार्ड आणि वरिष्ठास वाहिलेली डाली यांत हा मूलभूत फरक आहे, आणि कचेरीतील भेटकार्डाचे मोल ठरविताना तो विसरता कामा नये.

मिशनच्या शाळांत कार्ड आणखी एका वाटेने आले. विलायतेतील व अमेरिकेतील रविवारच्या शाळांतून वापरलेली चित्रकार्डे गोळा होऊन हिंदुस्थानातील मिशनांकडे येत व मुलांना बक्षीस म्हणून वाटली जात. एका बाजूस दुसऱ्याच कोणाच्या नावाचा मजकूर व दुसऱ्या बाजूस बर्फातील घर, असे ते कार्ड मराठी मुलाच्या हाती पडे. नारायण वामन टिळक यांच्यासारख्यांनी अभंग-कीर्तनाच्या द्वारे ख्रिस्ती भक्तीस मराठी रूप दिले; तद्वतच सणाच्या शुभचिंतनासही मराठी शब्दांची गरज निर्माण झाली. ज्या समाजाच्या अनेक कुटुंबांस जुन्या मायन्याने कधी सन्मान दिला नव्हता, त्या समाजात हे घडले. सर्वांस एकच वाक्य सांगणाऱ्या कार्डाचे त्यांना काय वाटले असेल, याचे अनुमान करणे कठीण नाही.

६

हे एकच वाक्य घडविण्यास मराठीने जो शब्द पुढे केला तो ‘शुभेच्छा’ होय. त्याचा इतिहास मनोरंजक आहे. वेदान्तात ज्ञानाच्या सात भूमिका सांगितल्या आहेत, त्यांतील पहिलीचे नाव शुभेच्छा असे आहे. तेथे तिचा अर्थ साधकास स्वतःच्या कल्याणाची, म्हणजे मोक्षाची, लागलेली ओढ असा आहे. आधुनिक मराठीत याच शब्दाने इंग्रजी अभिवादनाचा भार उचलला तेव्हा त्याचे तोंड फिरले. स्वतःकडे पाहणारी इच्छा दुसऱ्याकडे पाहू लागली. आणि विशेष असे की ती वर-खाली पाहत नाही. नमस्कार धाकट्याने करावयाचा, आशीर्वाद थोराने द्यावयाचा; शुभेच्छा मात्र कोणीही कोणासही द्याव्या. मराठी समाजाला समतेच्या संबोधनासाठी मिळालेले हे एक महत्त्वाचे साधन होय.

परंतु याची दुसरी बाजूही आहे. ‘नाताळच्या व नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा’ हे रूढ वाक्य व्याकरणदृष्ट्या तपासले तर त्यात क्रियापद नाही, देणारा नाही, घेणारा नाही. षष्ठी आहे ती सणाची, माणसाची नव्हे. याच्या उलट ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ या उक्तीत दोन आज्ञार्थी क्रियापदे असल्याने समोर कोणीतरी उभे असल्यावाचून ती पुरी होत नाही. लहान मुलापुढे तिचे ‘घे’ आणि ‘बोल’ होते. आंतरराष्ट्रीय टपाल संघाच्या विसाव्या शतकातील नियमांत छापील कार्डावर, सवलतीचा दर न गमावता, फार तर पाच शब्दांत शुभचिंतन लिहिण्याची मुभा होती. वरील मराठी वाक्यही, प्रत्यये शब्दांस चिकटून येत असल्यामुळे, बरोबर पाच शब्दांत बसते. तारखात्याने याच्याही पुढे मजल मारली. ठराविक शुभसंदेशांस क्रमांक दिलेले होते. प्रेषकाने आकडा सांगावा व तारखात्याने वाक्य पोहोचवावे, असा तो व्यवहार २०१३ साली तारसेवा बंद होईपर्यंत ज्ञात होता. शुभचिंतनातील व्यक्ती लोपण्याची ही परिसीमा होय.

येथवरच्या विवेचनाचा मेळ असा बसतो : मायन्यात पायरी होती, व्यक्ती नव्हती, छापील कार्डाने पायरी काढून टाकली, पण व्यक्ती परत आणली नाही.

७

ती परत येते हाताने केलेल्या कार्डात. महाराष्ट्रात या कार्डाची परंपरा मुख्यतः संक्रांतीच्या भेटकार्डाच्या आश्रयाने वाढली. हलव्याचे चार दाणे छोट्या पुडीत घालून कार्डास चिकटवावयाचे व ते टपालात टाकावयाचे, ही रीत अनेक घरांतून होती. जुन्या तीळशर्करेचाच तो नवा अवतार होय. शाळांतील चित्रकला व कार्यानुभव या विषयांनी मुलांच्या हाती कात्री व खळ दिली. कागदाच्या बाजूनेही हाताचे पुनरागमन झाले. वर्धा येथे १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने हातकागदाच्या धंद्यास उत्तेजन दिले, आणि १९४० साली पुण्यात हातकागद संस्था निघाली. सुती चिंध्यांपासून केलेला तिचा जाड, खरबरीत कडेचा कागद भेटकार्डास विशेष योग्य असतो. कार्ड हे सामाजिक कार्याचेही साधन झाले. मुंबईत १९७९ साली रिपन कपूर व त्यांचे मित्र यांनी मुलांच्या हक्कांसाठी स्थापन केलेल्या ‘क्राय’ या संस्थेने भेटकार्डांच्या विक्रीतून निधी उभा केला व ही कार्डे कचेऱ्याकचेऱ्यांतून सहकाऱ्यांच्या टेबलांवर पोहोचली. योगायोगाने त्याच वर्षी दिल्लीत ‘आर्चिज’ची स्थापना होऊन तयार कार्डांच्या बाजारासही मोठे रूप आले.

आज टपालाने येणारे कार्ड विरळ झाले आहे व एकच चित्र क्षणार्धात शेकडो भ्रमणध्वनींवर जाते. अशा वेळी हाताने केलेल्या कार्डात भाषिकदृष्ट्या नेमके काय घडते हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. शिवरे येथे राहून पुण्यातील एखाद्या शाळेत शिकविणाऱ्या बाईंनी नाताळासाठी पाच कार्डे करावयास घेतली आहेत असे समजू : मुख्याध्यापकांसाठी, शाळेतील शिपाईकाकांसाठी, नुकताच पती गेलेल्या सहशिक्षिकेसाठी, नाताळ ज्यांचा घरचा सण आहे अशा ख्रिस्ती सहकाऱ्यासाठी आणि एका बालमैत्रिणीसाठी. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंतून चांदणी कापणे, आपट्याच्या किंवा पिंपळाच्या पानाचा ठसा उमटविणे, हे काम पाचही कार्डांत सारखेच. अडचण येते ती लेखणी उचलल्यावर. ‘तुला’, ‘तुम्हांला’ किंवा ‘आपणांस’, यांपैकी एक रूप निवडावेच लागते. छापील वाक्याने चुकविलेला प्रश्न मराठी व्याकरण येथे पुन्हा उभा करते. मुख्याध्यापकांस ‘आपणांस’ आणि शिपायास ‘तुला’ असे लिहिले तर जुना मायनाच मागील दाराने आत आला. दोघांसही ‘तुम्हांला’ लिहिले, आणि एकास गेल्या वर्षी त्यांनी मिळवून दिलेल्या रजेबद्दल व दुसऱ्यास पावसात उघडून दिलेल्या फाटकाबद्दल एक ओळ लिहिली, तर काही नवे घडले. सहशिक्षिकेच्या कार्डावर ‘सौ.’ ही नको व ‘गं. भा.’ ही नको. तिचे नाव पुरे. ख्रिस्ती सहकाऱ्याच्या कार्डावर ‘तुमच्या घरच्या सणास’ असे लिहिले, तर षष्ठी सणाकडून माणसाकडे येते. बालमैत्रिणीस ‘तुला’ हे रूप पायरीने ठरत नाही, सहवासाने ठरते.

हे सारे पाच शब्दांत मावत नाही, आणि कोणत्याही क्रमांकाने मागविता येत नाही. हस्तनिर्मित कार्डात हाताने होणारे मुख्य काम चांदणी कापण्याचे नाही. समोरच्या माणसास काय म्हणावे हे ठरविण्याचे आहे. ओबडधोबड चित्रास आपण क्षमा करतो, पण दुसऱ्याच्या नावाचे कार्ड चुकून आपल्याकडे आले तर ते ठेवून घेत नाही, याचेही कारण तेच.

८

यावरून पुढील निष्कर्ष काढता येतील. पहिला असा की, नाताळचे हस्तनिर्मित कार्ड ही परक्या रिवाजाची नक्कल एवढेच त्याचे वर्णन पुरेसे नाही. तीळशर्करा, आपट्याचे पान आणि ताटाची देवघेव यांनी त्याची जागा आधीच तयार करून ठेवली होती. दुसरा असा की, ‘शुभेच्छा’ या शब्दाने मराठीस दिशारहित, म्हणून समतेचे, अभिवादन दिले. तो लाभ मोठा आहे व मायन्याच्या ओढीने तो गमावणे इष्ट नाही. तिसरा व महत्त्वाचा असा की, समतेचे अभिवादन निर्विकार असलेच पाहिजे असे नाही. पायरी वगळून व्यक्ती ठेवणे भाषेस शक्य आहे, परंतु ते आपोआप होत नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी बसून, एकेका माणसाचा विचार करून, ते लिहावे लागते.

राजपत्रातील अधिक-उणे अक्षर शोधण्यासाठी एके काळी सचिव नेमलेला होता. घरी केलेल्या कार्डापुरते ते काम आता ज्याचे त्यानेच करावयाचे आहे : मानाचे अधिक अक्षर काढावयाचे आणि आपुलकीचे उणे अक्षर भरावयाचे.